उमेदवार दिव्यांगांच्या हक्कांच्या बाजूचा आहे की नाही, ओळखायचं कसं? (बेळगाव, खानापूर, निपाणी भाग)

प्रश्न : जांबोटी_रस्ता

नमस्कार मंडळी. पंचायतीच्या निवडणुका आज ना उद्या लागणार. खानापूर तालुक्यातल्या काही गावांतले दिव्यांग मतदार आणि दिव्यांग मुलांचे पालक मिळून उमेदवारांना एका जागी बोलवायचं ठरवत आहेत. प्रत्येकाला दहा मिनिटं आणि प्रश्न सगळ्यांना तेच. पुढं विधानसभा-लोकसभेलाही हाच प्रकार वापरता यावा असं वाटतं.

अडचण अशी की या विषयावर विरोधात कुणीच बोलत नाही. सगळे म्हणतात, 'आमचा पूर्ण पाठिंबा आहे', 'तीनचाकी सायकली देऊ', 'पेन्शन वाढवून आणू'. मग भूमिका ओळखायची कशावरून? शिवाय आपल्या भागात प्रचाराचा सगळा वेळ सीमाप्रश्न, मराठी शाळा आणि कागदपत्रांची भाषा यांवर जातो. हे विषय आमचेही आहेतच. पण दिव्यांगांचा मुद्दा पत्रकाच्या शेवटच्या ओळीत 'महिला, ज्येष्ठ व दिव्यांग' असा उरकला जातो.

कोणत्या पातळीवरच्या उमेदवाराला काय विचारावं, पोकळ उत्तर कसं ओळखावं, पक्षांचे जाहीरनामे कितपत धरून चालावं आणि अंध-कर्णबधिर मतदारांपर्यंत हे सगळं पोचवायचं कसं, यावर जाणकारांनी लिहावं.

उत्तर १ : पंचायत_हिशेब

पहिली गोष्ट म्हणजे 'दिव्यांगांसाठी काय करणार?' हा प्रश्न विचारूच नका. त्याचं उत्तर कायम गोडच येतं. त्या पदाच्या हातात काय आहे ते धरून विचारा.

ग्रामपंचायतीपासून सुरू करू. कर्नाटकात ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. पूर्वी हे प्रमाण ३ टक्के होतं. शहरातही स्वनिधीतले ५ टक्केच. महापालिकेच्या अंदाजपत्रकात २४.१० टक्के अनुसूचित जाती-जमातींसाठी, ७.२५ टक्के इतर दुर्बल घटकांसाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी असे तीन आकडे ओळीनं दिसतात. म्हणजे पहिला प्रश्न तयार झाला : 'गेल्या दोन आर्थिक वर्षांत आपल्या पंचायतीचे हे ५ टक्के म्हणजे नेमके किती रुपये झाले आणि ते कशावर गेले?' चालू सदस्य पुन्हा उभा असेल तर त्याला हे माहीत असायलाच हवं. नवा उमेदवार असेल तर त्यानं पंचायतीत जाऊन विचारलं का, एवढं तरी कळतं.

इथं एक हिशेब डोक्यात ठेवा. लहान पंचायतीची घरपट्टी, पाणीपट्टी, दुकानगाळे मिळून वर्षाची वसुली ८ लाख असेल तर ५ टक्के म्हणजे ४०,००० रुपये. त्यात सगळ्यांना गाडी येणं शक्यच नाही. म्हणून ग्रामपंचायतीचा उमेदवार 'प्रत्येक दिव्यांगाला गाडी' म्हणाला की समजा, त्यानं आकडा पाहिलेला नाही. तेवढ्या पैशात काय होऊ शकतं? अंगणवाडीचा रॅम्प, शाळेच्या एका शौचालयाला आधाराच्या दांड्या, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या, वॉकर, वॉटरबेड, डायपर. यांतलं काहीतरी तो नाव घेऊन सांगत असेल तर माणूस विषयात आहे.

पैसा वाया जातो तो तीन रीतींनी. एक म्हणजे वर्षभर काहीच नाही आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात घाईनं खरेदी. मग गरज एकाची आणि वस्तू दुसऱ्याला. दुसरी, सगळी रक्कम पंचायत कार्यालयाच्याच दुरुस्तीत 'रॅम्प' म्हणून दाखवणं. तिसरी, रक्कम अखर्चित ठेवून पुढच्या वर्षी पुन्हा शून्यातून आकडा धरणं. तेव्हा 'मागची अखर्चित रक्कम पुढं जोडणार का?' हेही विचारा. दिव्यांगांची वेगळी समन्वय ग्रामसभा घ्यायची पद्धत आहे. ती कृती आराखडा मंजूर होण्याआधी घेणार की नंतर, यावर उमेदवाराकडून महिना वदवून घ्या. नंतर घेतलेल्या सभेत फक्त सह्या होतात.

पंचायतीत व्हीआरडब्ल्यू म्हणजे ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्ता असतो, तालुक्याला एमआरडब्ल्यू आणि शहरात यूआरडब्ल्यू. हे मानधनावर काम करणारे आणि बऱ्याचदा स्वतः दिव्यांग असलेले लोक. गावातल्या दिव्यांगांची यादी यांच्याकडं असते. उमेदवाराला आपल्या पंचायतीचा व्हीआरडब्ल्यू कोण हे ठाऊक आहे का, एवढा साधा प्रश्नही पुष्कळ सांगून जातो. कागद मागताना मात्र 'दिव्यांग' शब्दावर अडून बसू नका. तिथल्या दप्तरात 'विकलचेतन' किंवा 'अंगविकल' असं लिहिलेलं असतं, त्या नावानं मागितलं की फाईल लवकर सापडते.

आता आमदारकी. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत राज्य सूचीची ९ वी नोंद 'विकलांग व काम करण्यास अक्षम यांना साहाय्य' अशा अर्थाची आहे. त्यामुळं पेन्शनचा मोठा वाटा, बसपास, राज्य आयुक्त आणि विशेष न्यायालयं हे सगळं राज्याचं. तालुक्याच्या केडीपी, म्हणजे विकासकामांच्या तिमाही आढाव्याच्या, बैठकीचा अध्यक्ष आमदार असतो, आणि सगळ्या खात्यांचे अधिकारी तिथं समोर बसलेले असतात. 'प्रत्येक केडीपीत ५ टक्के निधीचा आढावा हा स्वतंत्र विषय ठेवाल का?' याला हो म्हणणाऱ्याला पुढच्या तिमाहीत धरता येतं.

आमदारकीच्या उमेदवाराला माझ्या मते सगळ्यात अवघड प्रश्न २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या कलम २४ चा. सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगांना मिळणारी रक्कम इतरांच्या तशाच योजनेपेक्षा किमान २५ टक्के जास्त असावी, असं ते कलम म्हणतं. राज्याच्या गृहलक्ष्मी योजनेत कुटुंबप्रमुख बाईला महिन्याला २,००० मिळतात. कुटुंबप्रमुख बाई स्वतः दिव्यांग असेल तर २,५०० का नकोत? कलमात 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' असे शब्द आहेत, उमेदवार त्यांच्यामागं उभा राहील. राहू द्या. पण हो, नाही की बघू, यातलं काय म्हणाला ते लिहून ठेवा.

खासदाराला केंद्राच्या दिव्यांग पेन्शनबद्दल विचारा. इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग पेन्शनमध्ये केंद्राचा हिस्सा महिन्याला ३०० रुपये, तोही ८० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व आणि दारिद्र्यरेषेखालचं कुटुंब असेल तरच. २०१२ पासून हा आकडा तिथंच आहे. खानापूरकरांनी विसरू नये : खानापूर आणि कित्तूर विधानसभा उत्तर कन्नड लोकसभेत मोडतात, त्यामुळं बेळगावच्या खासदारकीच्या उमेदवाराला बोलावून उपयोग नाही.

जाहीरनाम्यांबद्दल थोडक्यात. २०२४ ला काँग्रेसनं अनुच्छेद १५ आणि १६ मध्ये दिव्यांगत्वाच्या आधारावर भेदभावाला बंदी घालण्याचं लिहिलं होतं. भाजपनं पंतप्रधान आवास योजनेत दिव्यांगांना प्राधान्य आणि त्यांच्या गरजेप्रमाणं घरं असं लिहिलं होतं. दोन्ही वाक्यं दिल्लीची आहेत. ग्रामपंचायतीची निवडणूक आपल्याकडं पक्षचिन्हावर होतच नाही, त्यामुळं तिथं जाहीरनामा पुढं करणाऱ्याला परत ५ टक्क्यांवर आणा.

उत्तर २ : लेव्हल_पट्टी

वरचं सगळं बरोबर. मी फक्त रॅम्पवर लिहितो, कारण 'रॅम्प बांधला' या दोन शब्दांत सगळ्यात जास्त फसवणूक होते.

उतार १ ला १२. चौथरा जेवढा उंच त्याच्या बारापट लांबी. तीन पायऱ्या म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटर धरले तर रॅम्प ५.४ मीटर लांब हवा. ६० सेंटिमीटरला ७.२ मीटर, ७५ ला ९ मीटर. खानापूर भागात पावसामुळं जांभ्याचे चौथरे उंच असतात, म्हणून तिथं हा हिशेब हमखास चुकतो. दारासमोर जागा दोन-अडीच मीटर असते, ठेकेदार तेवढ्यातच सिमेंटची घसरगुंडी करतो. ती १ ला ४ च्या आसपास पडते. अशा रॅम्पवर खुर्ची ढकलणारा दमतो, आणि उतरताना खुर्ची पुढं कलंडते. जागा नसेल तर रॅम्प भिंतीला समांतर घ्यायचा किंवा मध्ये वळवायचा. वळणावर किमान १.५ मीटर सपाट टप्पा. सरळ रॅम्प असला तरी ९ मीटरनंतर टप्पा हवाच.

मोजायला इंजिनिअर नको. मोबाईलमधलं लेव्हल दाखवणारं ॲप रॅम्पवर उताराच्या दिशेनं आडवं ठेवा. १ ला १२ म्हणजे ४.८ अंश. पाच दाखवलं तर ठीक, सात-आठ दाखवलं तर एकट्यानं चढणं अशक्य, चौदा दाखवलं तर तो रॅम्पच नव्हे. ॲपवर विश्वास नसेल तर गवंड्याची पाण्याची नळी आणि टेप घ्या.

रुंदी १२०० मिलिमीटर, दोन्ही बाजूंना दोन उंचीवर कठडे, आणि कडेला चाक घसरू नये म्हणून छोटी उंचवट्याची पट्टी. दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर. उंबरा नको. रॅम्प अचूक आणि शेवटी चार इंची उंबरा, हे फार ठिकाणी दिसतं. पृष्ठभाग खरखरीत ठेवा. गुळगुळीत शहाबादी फरशी किंवा चकचकीत टाइल लावली की जून ते सप्टेंबर त्यावर शेवाळ धरतं. जांबोटी-कणकुंबीकडं तर विचारायलाच नको. काँक्रीट ओलं असतानाच आडव्या रेघा ओढल्या की काम भागतं, वेगळा खर्च लागत नाही.

शौचालयाचं दार बाहेर उघडायला हवं. आत उघडणारं दार खुर्ची आत गेली की बंदच होत नाही, आणि माणूस आत पडला तर बाहेरून ढकलताही येत नाही. बसायची जागा जमिनीपासून ४५० ते ४८० मिलिमीटर. आणि ते शौचालय कुलूप लावून झाडू-बादल्या ठेवायला वापरलं जात असेल तर कागदावर असलं काय, नसलं काय.

म्हणून उमेदवाराला असं विचारा : 'निवडून आल्यावर पंचायतीच्या कोणत्याही नव्या इमारतीचं बिल काढण्याआधी रॅम्पचा उतार मोजून घ्याल का?' कायद्याचा आधार पक्का आहे. त्याच २०१६ च्या कायद्याचं कलम ४४ सांगतं की प्रवेशसुलभतेचे नियम पाळले नसतील तर बांधकामाला परवानगीही द्यायची नाही आणि पूर्णत्वाचा दाखलाही नाही. कलम ४५ नं जुन्या सार्वजनिक इमारतींना पाच वर्षं दिली होती. नियम जून २०१७ ला आले, म्हणजे ती मुदत २०२२ लाच संपली. त्यानंतर ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं राजीव रतुरी प्रकरणात केंद्राच्या नियम १५ ला कायद्याशी विसंगत ठरवलं आणि तीन महिन्यांत बंधनकारक मानकं करायला सांगितलं. मार्गदर्शक सूचना 'जमल्या तर पाळा' अशा असून चालणार नाहीत, हा त्याचा गाभा. तेव्हा कुणी 'हळूहळू करू' म्हणाला तर मुदत कधी संपली ते त्याला शांतपणे सांगा.

उत्तर ३ : सहा_ठिपके

मतदानाच्या दिवसाबद्दल, आणि अंध-कर्णबधिरांपर्यंत पोचण्याबद्दल.

दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ११ प्रमाणं मतदान केंद्रं सुलभ करणं आणि निवडणुकीचं साहित्य समजेल अशा रूपात देणं हे भारत निवडणूक आयोग आणि राज्य निवडणूक आयोग या दोघांवरही बंधनकारक आहे. व्यवहारात मात्र दोन्हींच्या सोयी सारख्या समजू नका. विधानसभा-लोकसभेला मतदार यादीत दिव्यांग म्हणून नोंद करायची असेल तर फॉर्म ८. घरून मतदानासाठी फॉर्म १२डी. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र हवं, आणि अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत बीएलओकडं, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडं, पोचला पाहिजे. हे पाच दिवसच लोकांच्या हातून निसटतात, कारण बातम्यांत तारीख मतदानाची येते, अधिसूचनेची येत नाही. एकदा १२डी मंजूर झाला की केंद्रावर जाऊन मत देता येत नाही, हेही आधीच सांगा. कर्नाटकात राज्यभर ही सोय २०२३ च्या विधानसभेला मिळाली.

ग्रामपंचायतीला ती आपोआप मिळेल असं धरून चालू नका. आणखी एक मोठा फरक आहे. मतदान यंत्राच्या बटणांशेजारी ब्रेलमध्ये आकडे असतात. उमेदवारांची नावं नसतात. म्हणून केंद्राध्यक्षाकडं ब्रेलमधली नमुना मतपत्रिका मागायची, तिच्यावर कोणत्या क्रमांकावर कोण ते वाचायचं आणि मग यंत्रावर तो आकडा चाचपायचा. २०२० च्या ग्रामपंचायत निवडणुकीत बीदर सोडून सगळीकडं कागदी मतपत्रिका होत्या. कागदावर चाचपायला काहीच नसतं. तिथं अंध मतदार पूर्णपणे सोबत्यावर अवलंबून राहतो आणि मत गुप्त राहत नाही. तुमच्या बैठकीतून राज्य निवडणूक आयोगाला एक निवेदन जायला हवं असेल तर ते याच मुद्द्यावर जावं.

सोबत्याचा नियम विधानसभा-लोकसभेसाठी ४९एन. सोबती १८ वर्षांवरचा हवा, एका दिवशी एकाच मतदाराचा सोबती होता येतं आणि गुप्ततेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. एकच कार्यकर्ता चार आज्ज्यांना घेऊन आत जात असेल तर त्याला तिथंच अडवा. उमेदवारांना विचारायचा प्रश्नही हाच : 'तुमचे बूथ एजंट हा नियम पाळतील, हे लिहून द्याल का?'

बौद्धिक किंवा मनोसामाजिक दिव्यांगत्व असलेल्यांची नावं 'त्याला काय कळतंय' म्हणून यादीतून गाळली जातात. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १६ प्रमाणं सक्षम न्यायालयानं तसं घोषित केलेलं असेल तरच नाव वगळता येतं. बीएलओ, सरपंच, डॉक्टर किंवा घरचे यांच्यापैकी कुणालाही हा अधिकार नाही. माझ्या दृष्टीनं उमेदवाराची कसोटी इथं लागते. तीनचाकी द्यायला सगळे तयार असतात. मतिमंद म्हणून बाजूला बसवलेल्या वीस वर्षांच्या मुलीचं मत मागायला तिच्याशी थेट बोलणारे थोडे.

आता साहित्य. इकडचे डीटीपीवाले मराठी पत्रक श्रीलिपीत आणि कन्नड पत्रक नुडीत करतात, मग त्याची पीडीएफ किंवा फोटो ग्रुपवर फिरतो. स्क्रीन रीडर, म्हणजे अंधांना मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, फोटो वाचू शकत नाही, आणि जुन्या फॉन्टमधली पीडीएफ वाचायला घेतली तर अक्षरांचा काला ऐकू येतो. उपाय फुकट आहे : तोच मजकूर युनिकोडमध्ये टंकून साध्या मेसेजमध्ये टाका. एनव्हीडीए हा फुकटातला स्क्रीन रीडर मराठी आणि कन्नड दोन्ही वाचतो. फोटो टाकलाच तर खाली दोन ओळीत त्यातला मजकूर लिहा.

ब्रेलबद्दल एक गैरसमज काढून टाकायला हवा. भारती ब्रेलमध्ये एका ध्वनीला सगळ्या भारतीय भाषांत साधारण तेच ठिपके असतात. म्हणून मराठी ब्रेल शिकलेला मुलगा कन्नड ब्रेलची अक्षरं लावू शकतो. पण अक्षरं लावली म्हणजे कन्नड कळलं असं नाही. नमुना मतपत्रिकेत फक्त नावं असल्यानं काम निभतं. योजनेचं पत्रक, अर्जाच्या सूचना, पेन्शनची नोटीस यांत निभत नाही. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांवर असतील तिथं सरकारी कागद त्यांच्या भाषेतही द्यावेत ही मागणी आपल्या भागात वर्षानुवर्षं आहे. त्या मागणीत 'आणि वाचता येईल, ऐकता येईल अशा रूपात' हे शब्द घालणार का, असं मराठी उमेदवारांना जरूर विचारा. सीमाप्रश्न आणि दिव्यांगांचा प्रश्न इथं एका जागी येतात.

कर्णबधिरांसाठी भारतीय सांकेतिक भाषेचा दुभाषा बघा. ही भाषा मराठीही नाही आणि कन्नडही नाही, त्यामुळं दुभाषा हुबळीचा आला काय आणि कोल्हापूरचा आला काय, चालतो. त्याला प्रश्न दोन दिवस आधी द्या, उमेदवारांची नावं आणि गावांची नावं लिहून द्या. त्याची जागा उमेदवाराच्या शेजारी हवी, चेहऱ्यावर उजेड हवा, पाठीमागं फुलांचं डेकोरेशन नको. तासाभराच्या वर बैठक असेल तर दोन दुभाषे लागतात, एकाचे हात दमतात आणि मजकूर गळायला लागतो.

आणखी एक. डिसेंबर २०२३ मध्ये निवडणूक आयोगानं पक्षांना सूचना दिली आहे की प्रचारात मुका, बहिरा, आंधळा, लंगडा, पांगळा असे शब्द हिणवण्यासाठी वापरू नयेत. 'आंधळं सरकार', 'मुकी-बहिरी पालिका' हे आपल्या भाषणांत सर्रास चालतं. बैठकीच्या निमंत्रणातच ही ओळ घाला.

जांबोटी_रस्ता

फार उपयोगी. दोन गोष्टी राहिल्या. बऱ्याच जणांचं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र कोल्हापूरचं आहे, ते इथं चालत नाही असं सांगून परत पाठवतात. आणि मराठी शाळांतल्या मुलांचं काय विचारायचं?

उत्तर ४ : विशेष_शिक्षण

प्रमाणपत्राचं सोपं आहे. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ५८ मध्येच लिहिलंय की प्रमाणपत्र देशभर वैध. नाकारलं तर कलमाचा आकडा घालून लेखी नकार मागा. शंभरातल्या नव्वद वेळा लेखी देत नाहीत आणि अर्ज घेतात. पण प्रमाणपत्र चालणं वेगळं आणि योजना मिळणं वेगळं. कर्नाटकाच्या पेन्शनला कर्नाटकातला रहिवास लागतो, आणि महाराष्ट्रातल्या संजय गांधी योजनेची वाढ इकडच्या रहिवाशाला लागू नाही. त्यामुळं पलीकडचा नेता इकडच्या सभेत दिव्यांग पेन्शनबद्दल काही बोलला तर ते कुणाच्या तिजोरीतून येणार, हे विचारायला कचरू नका. यूडीआयडी, म्हणजे देशभर चालणारं दिव्यांग ओळखपत्र, काढून ठेवलं की बरेच वाद संपतात.

शाळेचं मात्र सविस्तर बोलायला हवं. त्याच कायद्याच्या कलम ३१ प्रमाणं ६ ते १८ वयाच्या, ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये विशेष शिक्षकांचं प्रमाण सांगितलं : प्राथमिकला १० मुलांमागं १, पुढं १५ मुलांमागं १. आपल्याकडं हे काम प्रामुख्यानं बीआयईआरटी करतात, म्हणजे गटाच्या पातळीवरचे समावेशक शिक्षणाचे शिक्षक. एकाच शिक्षकाकडं डोंगरातल्या कितीतरी शाळा असतात, घरी जाऊन शिकवायची मुलं त्यावर आणखी.

मराठी माध्यमाच्या मुलाची अडचण दुहेरी आहे. विशेष शिक्षक कन्नडमधून शिकून आलेला, साहित्य कन्नडमध्ये, मूल घरी मराठी बोलतं. वाचाउपचार किंवा अध्ययन अक्षमतेची चाचणी मुलाच्या घरच्या भाषेत झाली नाही तर निष्कर्षच चुकतो. भाषा न कळल्यानं गप्प बसलेलं मूल बौद्धिक दिव्यांग ठरू शकतं, आणि खरी अध्ययन अक्षमता असलेलं मूल 'कन्नड येत नाही म्हणून मागं आहे' असं म्हणून सुटतं. दोन्हीकडून नुकसान मुलाचं.

म्हणून जिल्हा पंचायत आणि आमदारकीच्या उमेदवाराला तीन प्रश्न : आपल्या गटात मराठी बोलू शकणारे विशेष शिक्षक किती? चाचणी घरच्या भाषेत व्हावी म्हणून काय कराल? पटसंख्या कमी म्हणून मराठी शाळा दुसरीकडं विलीन झाली तर व्हीलचेअरवरचं मूल तिथं जाणार कसं? तिसरा प्रश्न मराठी शाळा वाचवण्याच्या आंदोलनातल्या मंडळींनीही स्वतःला विचारायला हवा. शाळा बंद पडली की पहिला घरी बसतो तो दिव्यांग मुलगा, त्याच्याआधी दिव्यांग मुलगी.

उत्तर ५ : पंचायत_हिशेब

बैठकीच्या आधीची तयारी सांगायची राहिली होती. उमेदवाराला आकडा विचारायचा तर आपल्या हातात खरा आकडा हवा. त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज बैठकीच्या दीड महिना आधी टाका, कारण उत्तराला ३० दिवस असतात.

कर्नाटकात अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर लागतो. एका अर्जात ५ टक्के निधीही विचारला आणि रॅम्पही, तर परत येतो. फी १० रुपये, पोस्टल ऑर्डर जोडा. दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही. भाषेचा घोळ इथंही आहे : माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६ प्रमाणं अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत चालतो. मराठीतला अर्ज नाकारायला त्यांना निमित्त मिळतं, म्हणून कन्नड किंवा हिंदीत करा. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेलं लिहून घेणं अधिकाऱ्याचं काम आहे. अर्जदार अंध किंवा कर्णबधिर असेल तर कलम ७(४) प्रमाणं माहिती त्याच्यापर्यंत पोचेल अशी मदत करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. अर्जात ती ओळ घालाच.

मागायचं एवढंच : २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन वर्षांत पंचायतीचं स्वतःचं उत्पन्न, त्यातली विकलचेतनांसाठी राखलेली ५ टक्के रक्कम, झालेला खर्च बाबनिहाय, अखर्चित रक्कम आणि लाभार्थ्यांची संख्या. नावं मागू नका. नावं मागितली की खासगी माहिती म्हणून सगळा अर्जच अडकतो.

बैठकीत उत्तरं कागदावर घ्या. हो, नाही किंवा अमुक महिन्यापर्यंत, एवढंच. सही घ्या आणि तो कागद युनिकोडमध्ये टंकून सगळ्या गटांवर टाका. कुणी बैठकीतच तीनचाकी वाटायची तयारी दाखवली तर थांबवा. आमदार-खासदारकीच्या निवडणुकीत मतासाठी वस्तू देणं हा १९५१ च्या कायद्याच्या कलम १२३ खाली भ्रष्ट आचार आहे, पंचायतीलाही हाच शिरस्ता पाळलेला बरा.

निवडून आल्यावर शब्द फिरवला आणि विषय कायद्यातला असेल तर बंगळूरच्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडं लेखी तक्रार. आयुक्त शिफारस करतात. संबंधित कार्यालयानं तीन महिन्यांत कारवाई कळवायची किंवा न पाळण्याचं कारण द्यायचं, हे दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ८१. सुनावणीला बेळगावहून बंगळूर पाचशे किलोमीटर आणि दिव्यांग बसपासची मर्यादा घरापासून शंभर किलोमीटर, म्हणून तक्रारीतच व्हिडिओवर सुनावणी घ्यावी अशी विनंती करा.

प्रश्नांचा मसुदा झाला की इथं टाका. कन्नड भाषांतर करून देतो, म्हणजे कन्नड भाषिक उमेदवारांनाही तेच प्रश्न त्यांच्या भाषेत आधी हातात देता येतील.